विहीणबाई आणि मशीन

लक्ष्मी गेट, झाशी
८ जून २००१

सौ. विजयालक्ष्मीबाई यांना लक्ष्मी गेटहून इंदूचा नमस्कार.

आधीच सांगून टाकते, हे पत्र माफीचं नाही. माफीचं असेल असं वाटून उघडलं असेल, तर परत घडी घालून ठेवा. फोन तीनदा केला. तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तुम्ही 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलात. राँग नंबरवर कुणी इतकं रागावत नाही, विहीणबाई. जानकीबरोबर निरोप धाडावा, तर ती माझी मुलगी आणि तुमची सून. बिचारीला दोन्हीकडून बोलणी बसतात. म्हणून पत्र. जानकी म्हणते, माझं पत्र तुम्ही हातात धरणार नाही, पण केशवरावांनी मोठ्याने वाचलं तर कानांवर पडू द्याल. तेव्हा व्याहीबुवा, तुम्हालाही नमस्कार. चष्मा लावा आणि सावकाश वाचा.

विषय एकच आहे. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय की किडनी आता काम करत नाही, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर रक्त साफ करून घ्यायला हवं. त्यासाठी डाव्या हातात नस जोडून दिली, ती भरून तयारही झाली. झाशीत मशीन आहे, आमच्याच हॉस्पिटलात आहे. आणि तुम्ही येत नाही, का, तर तिथे मी आहे. "तिच्या हातून सुई टोचून घेण्यापेक्षा मेलेली बरी," असं तुम्ही म्हणालात म्हणे. केशवराव, इथे आवाज बारीक करू नका. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बोलावून जे सांगितलं आणि तुम्ही घरी येऊन गिळून टाकलंत, तेही मी लिहिते: मशीन लागलं नाही तर यंदाची दिवाळी दिसणार नाही. हे वाक्य वगळलंत तर मी जानकीकडून पुन्हा वाचून घेईन.

पंगतीचा विषय मी काढणार नाही. विहिणीच्या पंगतीला तुमच्यापुढे चांदीचं ताट, भोवती रांगोळी, जिलबी वाढून तयार, आणि पहिला आग्रह करायला मुलीची आई जागेवर नाही. तुम्ही ताटाला हात न लावता उठलात. ते झाशीतल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींनी पाहिलं आणि तीन वर्षं चघळलं. पण लेबर रूममधून माणूस धावत आला होता. मूल पायाळू होतं आणि डॉक्टरीणबाई ललितपूरला गेलेल्या. मी पैठणीवर तशीच गेले. आई आणि मूल दोघं जगली. उद्या पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा उठेन. पाहा, विषय काढायचा नव्हता तरी निघालाच.

तुम्ही म्हणाल, सव्वीस वर्षं बाळंतपणं करणारी बाई नेमकी आत्ताच डायलिसिसला कशी जाऊन बसली. माझा त्यात काही डाव नाही. गुडघे गेले. तिथे रात्र-रात्र उभं राहावं लागतं, इथे स्टुलावर बसता येतं. मेट्रनने जागा आहे म्हटलं, मी हो म्हटलं, एवढंच.

तेव्हा असं करा. लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा अटी तुम्हीच घातल्या होत्या, आताही घाला. मला सगळ्या मान्य आहेत. फक्त या.

तुमची विहीण, तुम्ही माना वा न माना,
इंदू

ता. क. तुमच्या माहेराहून, एरचहून, भावांनी टोपलीभर खरबुजं पाठवली आहेत असं कळलं. खाऊ नका. का, ते इथे आल्यावर कळेल.


लक्ष्मी गेट, झाशी
२० जून

विहीणबाई,

अटी पोचल्या. केशवराव स्कूटरवरून आले, टोपी मांडीवर ठेवून बसले आणि खाकरून धडाधड म्हणू लागले. तुम्ही पाठ करून घेतल्या असणार. पहिली, सुई विश्वंभर टेक्निशियनच टोचेल, मी हात लावायचा नाही. दुसरी, पलंग खिडकीजवळचा हवा. तिसरी, मी तुमच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. मी तिन्हींना मान डोलावली. मानाची साडी मागितली नाहीत, याचंच नवल वाटलं.

आणि काल तुम्ही आलात. पायरीवर थांबून दाराकडे, मग छताकडे, मग माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलंत, पण आलात. माझे डोळे भरून आले. ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी मशीनमागे वाकले, आणि जमिनीवर पडलेले थेंब पाहून विश्वंभरला वाटलं मशीनच गळतंय. त्याने पाच मिनिटं नळ्या तपासल्या. तुम्हाला जो उशीर झाला तो त्यामुळे.

आता गंमत बघा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास आपण दोघी एका खोलीत, मध्ये एक मशीन, आणि मला बोलायची बंदी. लिहायची बंदी घालायला तुम्ही विसरलात. तेव्हा जे सांगायचं ते मी घरी येऊन लिहीन, आणि पुढच्या वेळी केशवराव तुमच्या उशाशी बसून वाचतील. मी समोरच असेन, पण नसल्यासारखी.

पहिली गोष्ट वजनाची. काट्यावर चढण्याआधी तुम्ही मंगळसूत्र सोडून अंगावरचं सगळं काढून केशवरावांच्या हातांत दिलंत. पाटल्या, बांगड्या, चपला, चष्मा. मग श्वास रोखून उभ्या राहिलात. श्वासाला वजन नसतं, विहीणबाई. आम्ही तुम्हाला जाड म्हणायला वजन करत नाही. लघवी होत नाही, मग प्यालेलं पाणी जाणार कुठे? ते अंगातच राहतं. दोन खेपांमध्ये जे वजन वाढतं ते सगळं पाणी, आणि तेवढंच मशीनने काढायचं असतं. काट्याला फसवलंत तर पाणी आत राहील. आधी पायांत, मग पोटात, मग छातीत. तेव्हा पुढच्या वेळी बांगड्या घालूनच या.

मलाही इथे सगळं नवं आहे, तुम्ही एकट्याच बिचकलात असं समजू नका. माझी सव्वीस वर्षं ओरडण्यात गेली. लेबर रूममध्ये नर्स ओरडली नाही तर मूल बाहेरच येत नाही. इथे पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला सुई टोचली, तो कण्हला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाँ हाँ, ज़ोर लगाओ!" विश्वंभर शांत माणूस. हळूच म्हणाला, "सिस्टर जी, इतै कोऊ पैदा नईं हो रओ, तनक धीरें बोलो." त्याच आठवड्यात मी बाहेर जाऊन एका पेशंटच्या बायकोला सांगून आले, "बधाई हो, दोनों ठीक हैं." ती विचारत राहिली, दोनों कौन? मी म्हटलं, आदमी और मशीन. आणखी काय म्हणणार?

एका गोष्टीने मात्र मी सुरुवातीला फार खचले होते. तिथे बाई दोन दिवसांत पेढे वाटून घरी जाते. नंतर बाजारात दिसली तरी तोंड फिरवते, कारण मी तिला कोणत्या अवस्थेत पाहिलंय ते तिला चांगलं आठवत असतं. इथे बरं होऊन कुणी जातच नाही. तीच माणसं परत, तोच हात पुढे. मी मेट्रनला विचारलं, हे संपतं कधी? ती म्हणाली, "सिस्टर, यहाँ मरीज़ लौटकर आए, वही खुशखबरी है." मला ते त्या दिवशी पटलं नव्हतं. काल तुम्ही जाताना चपला घालत शुक्रवारची वेळ विचारलीत, मला नव्हे, विश्वंभरला, तेव्हा पटलं.

इंदू


लक्ष्मी गेट, झाशी
६ जुलै

विहीणबाई,

आधी तक्रार. मंगळवारी तुम्ही साडेतीन किलो जास्त घेऊन आलात. जानकीची शपथ घेऊन विश्वंभरला सांगितलंत की थेंबभर पाणी प्याले नाही. ताक, सरबत, चहा आणि आमटी म्हणजे पाणी नव्हे, असं तुमचं म्हणणं दिसतं. वाटीने मोजून प्या. तांब्या नजरेआड ठेवा. फारच कोरड पडली तर बर्फाचा एक खडा तोंडात धरा. एक म्हणजे एक.

दुसरी तक्रार केशवरावांची. तुम्ही फार मोठ्याने वाचता. शेजारच्या पलंगावरचे बापूराव, आमच्याच लक्ष्मी गेटचे, वर्षभर मशीनवर येतात आणि आजवर चारही तास घोरत असत. आता टक्क जागे असतात. परवा तुम्ही पाणी प्यायला गेलात तर मला विचारतात, "सिस्टर, आज चिठ्ठी नहीं आयी क्या? वो पंगतवाला फिर से वाचायला सांगा ना." तुमची विहिणीची पंगत आता तीन पलंगांना पाठ झाली आहे.

आता खरा विषय. केशवराव रेल्वेच्या अकाउंट्समध्ये होते हे मी विसरले होते. तारखा जुळल्या नाहीत की त्यांना झोप लागत नाही. मला ही जागा दिली म्हणून ते मेट्रनचे आभार मानायला गेले, आणि ती म्हणाली, "अरे, मैंने कहाँ दी, वो तो फ़रवरी से मेरे पीछे पड़ी थीं." मग काल ते मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "इंदूबाई, हिचा रिपोर्ट एप्रिलमधला. तुम्ही फेब्रुवारीत बदली कशी मागितलीत?"

तुम्हीही ऐकायला बसलाच आहात, तर ऐका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या हॉलमध्ये मी तुमच्या पाया पडले. मुलीच्या आईने पडायचं म्हणून पडले. तुम्ही पंख्याकडे बघत होतात. माझा अंगठा तुमच्या पावलावर दाबला गेला, आणि मी हात काढला तरी खळगा तसाच राहिला. लेबर रूममध्ये असं पाऊल दिसलं की आम्ही बाईला घरी पाठवत नाही, आधी रक्तदाब आणि लघवी तपासतो. एकोणसाठाव्या वर्षी तुम्ही गरोदर असण्याचा संभव नव्हता. म्हणजे किडनी. मी जानकीला सांगितलं, तिने जावईबापू श्रीकृष्णरावांना, त्यांनी तुम्हाला, आणि तुम्ही म्हणालात चपला घट्ट होतात. नव्या चपला आणल्यात. रिपोर्ट व्हायला एप्रिल उजाडला.

हे मशीन चालवायला शिकायला महिने लागतात. तुमच्यावर वेळ येईल तेव्हा मला यायला हवं होतं, म्हणून मी आधीच गेले. गुडघ्यांचं खोटं होतं, गुडघे ठणठणीत आहेत. तुम्ही माझ्यावर कितीही फुगून बसा. जानकीला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं होतं, ते मला माहीत आहे. मी नाईट ड्यूटीला होते आणि तुम्ही तिला पेज भरवत होतात. ती मला म्हणाली, "आई, सासूबाई तो सोयी ही नहीं." त्या दिवसापासून तुम्ही मला हव्या आहात, बोला अगर बोलू नका.

केशवरावांनी जाता-जाता आणखी एक सांगितलं. म्हणाले, "ती तुम्ही उठून गेल्याला रागावली नाही, न सांगता गेल्याला रागावली आहे." सांगायला वळले होते मी! तुम्ही फोटोवाल्यासाठी नथ सरळ करत होतात. फोटो आहे, मी दाखवू शकते.

इंदू


लक्ष्मी गेट, झाशी
१ ऑगस्ट

विहीणबाई,

काल काय झालं ते तुम्हाला नीट आठवत नसणार, म्हणून लिहिते. केशवराव, तुम्ही तिथेच होतात, पण तुम्ही डोळे मिटून स्तोत्र म्हणत होतात, तेव्हा तुम्हालाही उपयोगी पडेल.

आपल्या गावात श्रावण दोनदा येतो. आधी शेजारपाजाऱ्यांचा सावन लागतो आणि पंधरा दिवसांनी आपला श्रावण. बाकीची मराठी घरं आपला तेवढा पाळतात. तुम्ही दोन्ही पाळता, म्हणजे सोमवारही दोन्हीकडचे. त्यात डॉक्टर "परहेज कीजिए" म्हणाले. तुम्हाला वाटलं, परहेज म्हणजे उपवासासारखं दुसरं काय? मग तुम्ही एकादशी, चतुर्थी, गुरुवार आणि शनिवारही जोडलेत. विश्वंभरने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, भोजनात बटाटा, केळं, शेंगदाणे, खजूर, नारळ घेऊ नये. तुम्ही कागद शब्दन् शब्द पाळलात. जेवणात यातलं काही घेतलं नाहीत. फराळात घेतलंत.

मी जानकीला विचारलं, घरी बटाटे उकडत होतीस तेव्हा तुला काही वाटलं नाही का? तर म्हणते, "आई, वो तो व्रत का था ना. जेवण थोडीच." नर्सची मुलगी! तीन वर्षांत तुम्ही तिला चांगलीच तयार केलीत. फराळाची फळी निराळी, भांडी निराळी, तेव्हा डॉक्टरांचा कागद त्या फळीला कसा लागू होणार? साबुदाण्यात मूठ-मूठ दाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, दोन केळी, आणि थकवा आला म्हणून वर शहाळं. या सगळ्यात पोटॅशियम नावाचं एक द्रव्य असतं. तुमची-आमची किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे आमची टाकते, तुमची टाकत नाही. ते रक्तात साचलं की आधी पाय उचलत नाहीत, मग हृदय थांबतं. तुम्ही पुण्य साठवत होतात आणि आत हे साठत होतं.

काल रिक्षातून उतरल्यावर तुम्हाला पायरी चढता येईना. केशवराव म्हणाले, उपासाने गळून गेली आहे. डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला आणि त्याची पट्टी बघून धावतच आले. इंजेक्शन दिलं, म्हणाले, मशीनवर घ्या, आत्ताच्या आत्ता. विश्वंभर रजेवर, सावन म्हणून लेकीला सासरहून आणायला गावी गेलेला. सरला नावाची नवी नर्स तुमच्या अटीप्रमाणे पुढे झाली. एकदा टोचलं, चुकलं. दुसऱ्यांदा टोचलं, चुकलं. तिचा हात लटलट कापायला लागला आणि तिला रडू फुटलं. मी म्हटलं, सरक बाजूला.

तुम्ही डोळे किलकिले करून मला म्हणालात, "अट." फोनवरचं 'राँग नंबर' सोडलं तर तीन वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात तो हा एक शब्द. मी म्हटलं, "अट गेली चुलीत. हात सरळ करा." दोन्ही सुया एका दमात बसल्या. मशीन फिरायला लागलं, आणि तुमचे डोळे मिटायला लागले. मग मी तुमचा खांदा धरून सव्वीस वर्षांच्या सवयीने ओरडले, "सोना नहीं! आँख खोलो! ज़ोर लगाओ!" व्हरांड्यातल्या बायका उठून दारात आल्या. बापूराव आपल्या पलंगावरून म्हणाले, "बधाई हो सिस्टर! काय झालं, मुलगा की मुलगी?" आणि तुम्ही डोळे उघडून त्यांच्याकडे असं काही पाहिलंत, की मी डॉक्टरांना म्हटलं, आता घाबरायचं कारण नाही.

पण मी घाबरले होते, विहीणबाई. इतकी भीती मला कुठल्याच बाळंतपणात वाटली नाही. तिथे जीव बाहेर येत असतो, इथे तो हातातून चालला होता. तुम्हाला वॉर्डात हलवल्यावर मी घरी आले आणि देवापुढे बसून हमसून-हमसून रडले. त्यालाही चार शब्द सुनावले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आता उपवास बंद. देवाने विचारलं तर माझं नाव सांगा.

राहिली अट. तीनपैकी दोन मी मोडल्या, हातही लावला आणि बोललेही. बोलले कसली, खेकसले. आता तुम्ही म्हणणार, हिने शब्द पाळला नाही, मी येत नाही. तुमचा हट्ट मला ठाऊक आहे, आणि या खेपेला तुमचा हट्ट मला परवडायचा नाही. म्हणून मी तुम्हाला कारणच ठेवत नाही. मेट्रनला सांगून आले आहे की सोमवारपासून मला परत लेबर रूममध्ये घ्या. विश्वंभर उद्या येतोय. सरलाचा हातही बसेल, पोरगी चांगली आहे. तुम्ही मंगळवार-शुक्रवार चुकवू नका, खिडकीचा पलंग तुमचाच राहील.

मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही. मला इथे आवडायला लागलं होतं. माणसं परत येतात, कालची गोष्ट आज पुढे सांगतात, माझ्या डब्यात काय आहे ते विचारतात आणि त्यांना चालत नाही म्हणून नुसता वास घेतात. पण तुम्ही याल तर हे गेलं तरी चालेल.

इंदू


जनरल वॉर्ड (इथे खिडकी नाही)
२ ऑगस्ट

इंदूबाई यांस,

ह्यांच्याकडून लिहवून घेणार होते. पण तुमची पत्रं वाचून-वाचून ह्यांचा घसा बसलाय, आणि अक्षर तर ह्यांचं पहिल्यापासून भिकार. म्हणून मीच लिहिते. मी पत्रं लिहीत नाही, हे एकच.

आज सकाळी तुमचं पत्र ऐकलं आणि मी उठून मेट्रनकडे गेले. भिंत धरून गेले, पण आपल्या पायांनी गेले. ती रडकी सरला मागून "माताजी, माताजी" करत धावत होती. मेट्रनला मी सांगितलं, इंदू सिस्टर जाएँगी तो मैं भी घर जाऊँगी. ती म्हणाली, "लेकिन शर्त तो आपकी ही थी कि वो हाथ न लगाएँ." मी म्हटलं, शर्त मेरी थी, मैंने वापस ली. मुलाच्या आईने घातलेली अट मुलाची आईच मागे घेते, मुलीच्या आईने ती परस्पर चुलीत घालायची नसते. हे तुम्हालाही सांगून ठेवते. मेट्रन हसली. म्हणे, "समधन के हाथ से सुई लगवाएँगी?" मी म्हटलं, "और किससे लगवाऊँ? बाक़ी सबके हाथ मुझे देखकर काँपते हैं." तिने सोमवारच्या ड्यूटीतून तुमचं नाव खोडलं. मी खोडून होईपर्यंत तिथेच उभी होते.

चारचौघांत तुम्ही माझ्यावर ओरडलात. माझ्यावर आजवर कुणी ओरडलेलं नाही, माझे वडील आबासाहेबसुद्धा नाही, आणि त्यांना सगळं एरच घाबरत असे. ते मी लक्षात ठेवणार आहे. मुलगा की मुलगी विचारणाऱ्या बापूरावांना शुक्रवारी मी स्वतः उत्तर देईन.

फराळाचं तुम्ही जे लिहिता ते मला पटलेलं नाही. ज्यावर देवाचा आक्षेप नाही त्यावर डॉक्टरचा असावा, हे मला चमत्कारिक वाटतं. पण खाणार नाही. जानकीला बोललात ते बरोबर केलं नाहीत, मुलगी माझ्या सांगण्यावरून करत होती. तिला बोलायचं तर मी बोलेन.

चपलांचं मात्र तुम्ही म्हणता तसंच होतं. पाय मला दिसत होते. भीती वाटत होती, म्हणून चपला आणल्या. घरात कुणी माझे पाय बघितले नाहीत. तुम्ही बघितलेत.

आता पत्रं बंद करा. आपल्या घरातलं सगळं बापूरावांना कळलं आणि ते लक्ष्मी गेटभर सांगत सुटलेत. परवा दूधवाला मला विचारत होता, "अम्मा, जलेबी काय नईं खाई तीं?" म्हणजे जिलबी का नाही खाल्लीत! शुक्रवारपासून जे बोलायचं ते तोंडाने बोला. मलाही बरंच बोलायचं आहे, आणि लग्नातल्या भांडणातलं एक अक्षर मी सोडलेलं नाही. नथ मी सरळ करत नव्हते, ती टोचत होती.

डॉक्टर म्हणतात, हे मशीन आता जन्माचं आहे. सुई मी दुसऱ्या कुणाकडून टोचून घेणार नाही. जानकीकडून कळलं की तुमच्या रिटायरमेंटला अजून सहा वर्षं आहेत.

तेवढी मी काढते.

विजयालक्ष्मी